धर्माच्या जीपचा आवाज

धर्माची जीप दारावरून जाते, हात केला तर फुकट नेते, तरी मावशी मुरबाडला जायला एस्टीचीच वाट बघत का बसते, विचारलंस ना गो दिपाली? बस मग. कंदिलाची वात जरा बारीक कर, रॉकेल जातं. सांगते.

धर्मा माझा दीर. त्याची ही जुनी जीप कितीतरी वर्षांपासून शहापूर-डोळखांब भाड्याने फिरते. ह्याच जीपमध्ये माझा रितेश गेला. डोळखांबच्या खालच्या वळणावर जीप पाड्यावरच्या बुधूच्या अंगावर गेली आणि तशीच ओढ्यात पडली. बुधू जागीच गेला, माझा पोर दवाखान्यात पोचायच्या आधी. धर्माला खरचटलंसुद्धा नाय. देवाचा न्याय बघ कसा असतो. धर्माने पोलिसांना सांगितलं, रितेश चालवत होता. झालं! मेलेलं माणूस काय उलट बोलणार? तेव्हापासून गावाच्या लेखी माझा पोर म्हणजे एका गरिबाला चिरडून मेलेला. पाण्याला गेले तरी बाया मला बघून कुजबुजायच्या. पोर गेला तो गेलाच, वर त्याच्या नावाला काळं फासलं. ते माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

धर्माने जीप ठोकूनठाकून परत रस्त्यावर आणली. त्याला काय, लाज कोळून प्यायलेला. पण तेव्हापासून इंजिनातून एक आवाज यायला लागला. टिक टिक टिक... पाल चुकचुकते ना, तसा. शहापूरचा मेकॅनिक म्हणाला, इंजिनातले टॅपेट सैल होऊन वाजतायत. त्याने ते नीट बसवून दिले. जीप गॅरेजातून निघाली तेव्हा गप्प होती, गावाची वेस आली आणि पुन्हा सुरू. किन्हवलीच्या मेकॅनिकने ऑइल बदललं, अर्धं इंजिन खोलून परत जोडलं. चार दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. बॉनेट उघडलं की आवाज ऐकू यायचा, पण नेमका कुठून येतो ते कोणाच्या बापाला सापडेना. शेवटी कोणीतरी मुरबाडच्या एका जुन्या मिस्त्रीचं नाव सांगितलं.

धर्मा त्या मिस्त्रीकडे निघाला त्याच दिवशी मला मुरबाडला तुझ्या आईकडे जायचं होतं. माझी एस्टी चुकली. धर्मा म्हणाला, वयनी चल, सोडतो. त्या गाडीत पाय ठेवायचा नाय असं मी ठरवलं होतं. पण ऊन डोक्यावर आलेलं, हातात पापडाची पिशवी. बसले पुढं त्याच्या बाजूला.

भातकापणी उरकली होती. रस्त्याला सगळीकडे पेंढ्याचा वास. पण जीपच्या आत वास होता तो ओल्या चिखलाचा. ओढ्याच्या तळाशी असतो ना, तसल्या काळ्या चिखलाचा. बाहेर धूळ उडत होती आणि माझ्या पायाखालचं रबर गार लागत होतं. आणि पुढून ते टिक टिक चालूच.

माझ्या सासूची एक सवय होती. बोलता बोलता पाल चुकचुकली की जमिनीवर बोट आपटून 'खरं गो बाय, खरं' म्हणायची. म्हणजे आत्ता जे बोललं ते खरं. तीच सवय मला लागलेली. धर्मा म्हणाला, यंदा पेंढा बरा आला. टिक टिक चालूच होतं, मी आपलं सवयीने सीटवर बोट आपटलं. मग तो म्हणाला, हल्ली मी दारूला शिवत नाय.

आवाज थांबला. इंजिन चालू, जीप धावतेय, फक्त तेवढा आवाज कोणी गळा आवळावा तसा बंद. त्याच्या तोंडाचा वास तर मला बसल्यापासून येत होता. जरा वेळाने टिक टिक पुन्हा सुरू झालं.

खात्री करायची म्हणून मी म्हटलं, माझं माहेर सरळगावचं. टिक टिक चालूच. मग म्हटलं, धर्मा, माझा तुझ्यावर काय राग नाय.

आवाज बंद.

मी धर्माकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याला हे आधीपासून माहीत होतं. मेकॅनिकांचे उंबरे उगाच नव्हता झिजवत तो.

"धर्मा... त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं?"

"किती वेळा सांगू वयनी. रितेश."

आवाज बंद. काय सांगू तुला, मला रडू आलं आणि हसूही. माझं लेकरू सुटलं होतं. मी त्याला म्हटलं, आता खरं बोल, आणि तू बोललास की मी सगळ्या गावाला ह्या गाडीत बसवून ऐकवते.

"मी... मी चालवत होतो."

मी सीटवर बोट टेकवून बसले. आता वाजेल, मग वाजेल. किन्हवली मागं पडली. आवाज येईना.

"वयनी... आमच्यातलंच कोणीतरी चालवत असेल ना..." तो अगदी हळू म्हणाला. "गाडीत आमी दोघंच होतो. तिसरं कोणी नव्हतं."

टिक टिक टिक...

मुरबाडला पोचलो. मिस्त्रीने बराच वेळ कान लावून ऐकलं आणि इंजिन चांगलं आहे म्हणून बॉनेट लावून टाकलं. मी तुझ्या आईकडे जेवलेसुद्धा नाय, आठवत असेल तिला.

दुसऱ्या दिवशी मी पाड्यावर गेले, बुधूच्या बायकोकडे, ठकीकडे. जीप पडली त्या दिवशी ती नवऱ्याच्या मागून मोळी घेऊन चालत होती. तिला म्हटलं, माझ्या पोराने नाय मारलं गो तुझ्या नवऱ्याला. वाटलं, अंगावर धावून येईल. ती नाचणी पाखडत होती, तशीच पाखडत राहिली.

"मला ठावं हाय," म्हणाली. "ते दोघं मागं बसले व्हते. तुझा पोर बाहेर वाकून हात करीत व्हता... बाजूला व्हा, बाजूला व्हा."

मी तिथंच खाली बसले. विचारलं, मग गावाला सांगितलं का नाय? मला कोन इचारतो, म्हणाली. खरंच, पोलिसांनी विचारलं नव्हतं, गावानेही नाय. पाड्यावरच्या बाईला कशाला कोण विचारतंय.

"आणि पुढं? पुढं कोण होतं ठके?"

तिने सूप खाली ठेवलं.

"पुढं कोनी नव्हता, बाय... आमी दोघं घाबरून रस्ता सोडला, बांधावर चढलो. मंग गाडीनं बी रस्ता सोडला."