पाण्यातून आलेले दोन झटके

‘‘घरातलं माणूस गेलं, पण गळ काय सुटंना ह्या लोकांचा…’’

गाडीत मागच्या सीटवर माझी धाकटी जाऊ हुस्ना पुटपुटली. अगदी माझ्या मानेमागे. मी ऐकलं नाही असं दाखवलं. गेल्या वर्षभरात तेवढं एक मला छान जमायला लागलंय.

हे घडलेलं आहे. मीठमसाला लावायची मला खोड आहे, घरचे सांगतील. इथं चिमूटभरही नाही. यंदाचा मार्च, रविवार, सकाळचे साडेनऊ, मुळशी धरणाचा काठ. लख्ख ऊन. घाबरायची वेळच नव्हती ती.

पौडला आमचं मासेमारीच्या सामानाचं दुकान. हिंजवडीची आयटीवाली पोरं सुट्टीला गळ टाकायला येतात, त्यांना रबरी बेडूक, पत्र्याचे नकली मासे असलं लागतं. नवा माल आला की माझे मिस्टर परवेज आधी स्वतः पाण्यात टाकून बघतात. मगच दुकानात मांडतात.

पूर्वी सोबत फराज असायचा. माझा धाकटा दीर, हुस्नाचा नवरा. गळ बुडालेल्या खुंटात अडकला की तो पाण्यात उतरायचा, हाताने सोडवायचा आणि दोऱ्याला दोन झटके द्यायचा.

म्हणजे, ओढा आता.

मागच्या मार्चमध्ये तो इथंच बुडाला.

‘काठावर हात धुताना पाय घसरला.’ आम्ही दोघांनी सगळ्यांना हेच सांगितलं. हुस्नालाही.

ती आज पहिल्यांदाच आली होती. ‘‘जागा तरी बघू द्या मला,’’ म्हणाली. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

परवेजनी हिरवा रबरी बेडूक फेकला. थोडा ओढला, आणि तो अडकला.

‘‘झालं! मासे हसत असतील तुमाला,’’ मी म्हटलं.

‘‘तू गप गं. तुझ्याच बडबडीनं पळत्यात ते.’’

गळाची काठी डावीकडे घेतली, उजवीकडे घेतली. सुटेना.

मग जाणवलं… पाखरं गप्प झाली होती. वारासुद्धा नव्हता.

चुळुक्… चुळुक्…

कुणीतरी पाण्यातून चालत असल्यासारखं. पाणी मात्र सपाट. एक तरंग नाही.

काठीचं टोक वाकलं.

एकदा…

दोनदा…

आणि दोरा सैल पडला.

आम्ही नवरा-बायकोने एकमेकांकडे बघायचं टाळलं. बेडूक बाहेर आला. गळाला ना शेवाळ, ना काटकी. अलगद सोडवलेला.

‘‘मासा असंल,’’ परवेज म्हणाले.

‘‘मासाच,’’ मी म्हटलं.

मग त्यांनी पत्र्याचा मासा बांधला. मुद्दाम लांब, दुसरीकडे फेकला.

अडकला.

चुळुक्… चुळुक्…

दोन झटके.

आता हुस्नाही बघत होती. घरी कपडे वाळत घालताना फराज दोरीचं दुसरं टोक धरून तिला असेच दोन झटके द्यायचा. ती लाजून शिव्या घालायची.

‘‘ते हायेत, भाभी… ते तितं उभे हायेत.’’

चपला काठावर टाकून ती सरळ पाण्यात शिरली.

‘‘हुस्ना! मागं फिर!’’

‘‘कमरेइतकंच तर पाणी हाय!’’

शब्दन् शब्द तेच होते, मागच्या मार्चमधले.

त्या पाण्याखाली जुनी भाताची खाचरं आहेत. वरच्या खाचरात पाणी कमरेइतकं. बांध ओलांडला की पाऊल थेट खालच्या खाचरात, तिथं डोक्यावरून पाणी आणि गुडघाभर गाळ. फराजला बाहेर काढणाऱ्यांनी हे सांगितलं तेव्हा मला कळलं.

चुळुक्… चुळुक्… आवाज तिच्या पुढे पुढे चालला होता. आत. तो तिला बोलवत होता की अडवत होता, मला आजही सांगता येत नाही.

परवेज नुसते उभे.

‘‘हुस्ना, थांब! पुढं बांध संपतोय!’’ मी ओरडले.

ती थांबली. वळली. पाणी कमरेला लागलेलं.

‘‘तुमाला कसं ठाऊक, भाभी? ते तर काठावरनं घसरले होते ना?’’

तो आवाजही थांबला… कुणी कान देऊन ऐकत असल्यासारखा.

‘‘घसरला नव्हता तो,’’ मी म्हटलं. ‘‘अंगात ताप होता त्याच्या. नको म्हणत होता. मीच हसले त्याला… कमरेइतकंच तर पाणी हाय, म्हटलं, जा की. हुस्ना, त्याला पाण्यात मी पाठवला.’’