डावीकडची खिडकी

विमानात कुठे बसावं, हे इस्पितळांतली यंत्रं दुरुस्त करत गावोगाव फिरणाऱ्या त्या माणसाला कुणीही विचारावं. पंखावरची जागा नको, पंखाच्या पुढची घ्या. उन्हाची बाजू टाळा. डोंगर बघायचे तर आधी विमान कुठून वळतं ते विचारा. ऐकणाऱ्याचे कान किटायचे, पण गडी थांबायचा नाही.

स्वतः मात्र घरी येताना तो कायम उजवीकडे बसे. उतरण्याआधी विमान त्याच्या घरावरून वळायचं आणि गच्चीवर आई पिवळी चादर पसरून उभी असायची. चार कोपऱ्यांवर चार विटा आणि वर केलेला हात. जगातल्या सगळ्या डोंगरांपेक्षा त्याला ते प्यारं होतं. उतरला की लगेच फोन.

"दिसले का रे?"

"दिसलीस की."

मागच्या खेपेला लवकर बाहेर पडता यावं म्हणून त्याने खिडकी सोडून मधल्या वाटेकडची जागा घेतली आणि वाटभर कागद चाळत बसला. आईने फोन उचलला नाही, तेव्हा त्याने निरोप टाकला, 'दिसलीस गं. हात केलास तोही दिसला.' आणि तो थेट कामावर गेला.

संध्याकाळी आई गच्चीवर सापडली, चादरीशेजारी. चक्कर येऊन पडली होती, आणि सापडली तेव्हा सगळं संपलं होतं. ताईने आईच्या फोनवरचा निरोप वाचला आणि एवढंच विचारलं, "हात दिसला तुला, मग पडलेली कशी नाही दिसली?" त्यानंतर ताई त्याच्याशी बोललेली नाही.

आज तो घर रिकामं करायला निघाला होता. काउंटरवरच्या मुलीला म्हणाला, "डावीकडची खिडकी द्या."

"उतरताना तिकडे नुसता समुद्र दिसतो, सर."

"म्हणूनच."

बसल्याबसल्या त्याने खिडकीचा पडदा खाली ओढला. दुपारी विमान उतरायला लागलं, तशी हवाईसुंदरी येऊन हळूच म्हणाली, "पडदा वर करा, सर. नियम आहे." त्याने केला. विमान डावीकडे कललं. कुठूनसा साबणाचा, ओल्या कपड्यांचा वास आला...

खाली समुद्र होता. पाण्यावर पिवळी चादर पसरली होती आणि एवढ्या लाटांतही ती हलत नव्हती. शेजारी आई पडली होती. तिने एक हात वर धरला होता.

शेजारच्या जागेवरचे आजोबा त्याच्या खांद्यावरून वाकले. "अहो... बाई पडलीय ना ती? कुणी उचलत का नाही तिला?"

त्याला रडू आवरेना. काचेला कपाळ टेकून तो पुटपुटत राहिला, "दिसलीस गं आई... खरंच दिसलीस..."

वर कॅप्टनचा आवाज आला. धावपट्टी मोकळी नाही, काही वेळ वरच घिरट्या घालाव्या लागतील. विमान गोल फिरून पुन्हा तिथेच आलं. आईचा हात आता थोडा खाली आला होता.

त्याने हवाईसुंदरीला थांबवलं. "किती वेळ लागेल उतरायला?"

तिने खिडकीतून खाली पाहिलं आणि झटकन नजर वळवली. "आम्हाला... काही कळवलेलं नाही, सर."

पडल्यावर आई दोन तास तरी जिवंत होती, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याने घड्याळात पाहिलं. पहिल्या फेरीपासून सात मिनिटं झाली होती. विमान पुन्हा डावीकडे कललं.