वरून गार

जूनच्या पहिल्या थंडीत मुलीच्या, ऋचाच्या खोलीतला घर गरम ठेवणारा रेडिएटर पुन्हा वरून गार लागायला लागला. खालची बाजू हात टेकवता येणार नाही इतकी गरम, वरची कडा मात्र थंडगार. म्हणजे आत हवा अडकली होती. बॉयलरचं गरम पाणी त्या हवेपर्यंतच चढतं. हवा काढून टाकली की वरपर्यंत पोचतं. ऋचाची आई नीलांबरी हॉस्पिटलात फार्मासिस्ट होती. ज्याचं कारण माहीत आहे अशा गोष्टीचा तिला कधी त्रास होत नसे.

घरातल्या बाकीच्या रेडिएटरना काही होत नव्हतं. या एकाच रेडिएटरमध्ये हवा का साठते, याचं कारण मात्र तिला सापडलं नव्हतं.

जॉन्सनव्हिलच्या उतारावरचं ते जुनं लाकडी घर, आणि ही त्यातली दक्षिणेची खोली. पृथ्वीच्या या दक्षिण अर्ध्यात हिवाळा जूनमध्ये सुरू होतो आणि दक्षिणेकडून ऊन येत नाही. येतो तो सदर्ली, हाडांत शिरणारा वारा. मागच्या हिवाळ्यात तिचे सासरे, अप्पा, या खोलीत होते. फुप्फुसं निकामी झालेली. श्वास सोडताना शेवटी बारीक शीळ वाजायची. तोंडात सतत लवंग. खिडकीच्या फटीतून वारा येई म्हणून नवऱ्याने, हरीशने आतून अख्ख्या खिडकीवर प्लास्टिकची पारदर्शक फिल्म चिकटवली आणि हेअर ड्रायरने ताणून घट्ट केली. तरी कुणी नुसता पडदा सरकवला की अप्पा म्हणायचे, "सूनबाई, खिडकी नको. वारा लागतो."

ते याच खोलीत गेले त्या दिवशी पुण्याहून नणंदेने, नीताताईंनी, रडत रडत विचारलं होतं, "जाताना खिडकी उघडली होतीस ना गं? त्यांना बाहेर पडायला?"

"हीटिंग चालू होतं, ताई," नीलांबरी म्हणाली होती.

ताईंनी फोन ठेवून दिला होता.

फिल्म तशीच राहिली. खोली आता ऋचाची होती आणि ऋचाला दमा होता.

त्या दुपारी ऋचा खोकल्यामुळे शाळेत गेली नव्हती. हरीश कामासाठी ऑकलंडला होता. त्याचा फोन आला.

"रेडिएटरमध्ये परत हवा? त्याला गॅसेस झालेत. ओवा दे."

"हसू नकोस. खोली गारठलीय, आणि तिची छाती भरलीय."

"आलो की प्लंबर बघतो. दम्याचा पंप दिलास ना तिला?"

"दिला. आता झोपलीय."

तिने बॉयलर भिंतीवरच्या बटणापाशीच बंद केला. पाणी फिरवणारी मोटर चालू असली तर रेडिएटर उलटी हवा ओढू शकतो, हे तिने वाचलं होतं. घर शांत झालं. पाइप निवेपर्यंत ती थांबली. मग खाली फडकं धरलं, वरच्या कोपऱ्यातल्या स्क्रूला छोटी पितळी चावी लावली आणि थोडीशी फिरवली.

हिस्स.

रेडिएटरमधल्या हवेला लोखंडाचा, शिळ्या पाण्याचा वास असतो. या हवेला लवंगेचा होता.

मागच्या वेळीही तिला तो आला होता. भिंतीत मुरला असेल, असं तेव्हा तिने स्वतःला सांगितलं होतं. आता तिने टिश्यू पेपरची एक पट्टी फाडून भोकासमोर धरली. पट्टी बाहेरच्या बाजूला फडफडली. आवाज मंदावत गेला, आणि शेवटी बारीक शीळ वाजून थांबला. आता पाणी यायला हवं होतं.

पाणी आलं नाही. पट्टी आत ओढली जाऊन भोकाला चिकटली.

तिने मान वळवून बॉयलरचं बटण पाहिलं. बंद होतं.

पट्टी सुटली. पुन्हा फडफडली. शीळ. पुन्हा चिकटली.

तिने चावी फिरवून स्क्रू घट्ट बंद केला.

तेव्हा कुठे तिला कळलं की मागे पलंगावरची घरघर थांबली आहे. ऋचा उताणी होती. तोंड किंचित उघडं. छाती हलत नव्हती. नीलांबरीने तिला हाक मारली, खांदे हलवले, उठवून बसवलं. मान मागे कलंडली. ओठ निळसर व्हायला लागले. पंप हातात होता, पण आत घ्यायला श्वासच नव्हता.

का ते तिला सांगता आलं नसतं. एका हाताने मुलीला धरून तिने दुसरा हात लांब केला आणि चावी उलटी फिरवली.

हिस्स.

ऋचाची छाती वर आली.

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढत नाहीत. दुसरं निरीक्षण घ्यायची तिची हिंमत झाली नाही. चावी तशीच स्क्रूत राहू दिली. ऋचाने डोळे किलकिले केले. "आई, आय'म फाइन. इट्स वॉर्म नाऊ," ती पुटपुटली आणि परत झोपली. मराठी तिला सगळं कळायचं, पण बोलायची ती कायम इंग्रजीत.

नीलांबरीने रेडिएटरच्या वरच्या कडेवर हात ठेवला. बॉयलर बंद होता. कडा गरम होती. लोखंडासारखी नाही, अंगासारखी.

खिडकीवरची फिल्म आत फुगत होती आणि सपाट होत होती. रेडिएटरच्या तालावर. ऋचाच्या तालावर.

तिला नीताताईंचा प्रश्न आठवला. ती खिडकीपाशी गेली. फिल्मच्या कोपऱ्यातली चिकटपट्टी नखाने उचलली. बोटभर सुटली. फटीतून वाऱ्याची गार रेघ तिच्या मनगटावर आली. अप्पा बाहेर पडले तर एकटेच जातील, की ऋचाचा श्वासही नेतील, एवढंच तिला कळत नव्हतं.

मागे लवंगेचा वास दाटला.

"सूनबाई," ऋचा डोळे मिटूनच म्हणाली. "खिडकी नको. वारा लागतो."

नीलांबरीने उचललेली चिकटपट्टी अंगठ्याने दाबून पुन्हा नीट बसवली.