बोल्टवरची हिरवी रेघ

कार्ब्युरेटर जुळवताना मी डोळे मिटून घेतो. हातभर रबरी नळी, तिचं एक टोक कानात, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. इंजिन चालू असताना आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा फुसकारा त्या नळीतून स्पष्ट ऐकू येतो. मी ज्या जुन्या जपानी स्पोर्ट्‌स कार सांभाळतो, त्यांतल्या एकीला असे तीन कार्ब्युरेटर आहेत. तिन्हींचे फुसकारे एका पट्टीत आले की गाडी रडून दमलेल्या पोरासारखी शांत होते. हल्ली या कामासाठी मीटर मिळतो. मला लागत नाही. म्हणून कॅप्टन मला ‘कानसेन’ म्हणतात.

कॅप्टन मालवाहू जहाजावरून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले, एकटे. उभी नोकरी जपानच्या बंदरांत ये-जा करण्यात गेली, तिथेच हे वेड लागलं. बंद पडलेल्या एका छापखान्याची शेड त्यांनी घेतली आणि तिच्यात पाच गाड्या उभ्या केल्या. सगळ्या पन्नास वर्षांच्या आगेमागे. शेडच्या फरशीवर अजून शाईचे डाग आहेत, आणि उकाड्यात पेट्रोलच्या वासात शाईचाही वास मिसळतो. पाचांतली त्यांची लाडकी म्हणजे लांब नाकाची, दोन दारांची पांढरी गाडी. चार वर्षं ती चाकांशिवाय, लोखंडी घोड्यांवर उभी होती. तिच्या दारांचं रबर एका देशातून आलं, काचेची पट्टी दुसऱ्या देशातून. आता तिचं काम संपत आलं होतं आणि कॅप्टन लग्न ठरल्यासारखे दिवस मोजत होते.

मी सोमवारी आणि गुरुवारी सकाळी नऊला जातो. माझी पद्धत ठरलेली आहे. नट टॉर्कच्या पान्याने आवळायचा, ठरलेल्या जोराला पान्याने ‘टक्’ केलं की थांबायचं, आणि नटावरून खालच्या धातूपर्यंत पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढायची. नट पुढे कधी ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते. आमच्या धंद्यात ही रेघ म्हणजे सही.

त्या सोमवारी मी लांब नाकाच्या गाडीचे कार्ब्युरेटर बसवून, नट हाताने फिरवून तसेच ठेवले होते. गुरुवारी आवळायला गेलो तर पहिल्याच नटाला पान्याने लगेच ‘टक्’ केलं. दुसऱ्याला तसंच. तिसऱ्यालाही. सगळे आधीच आवळलेले, आणि अगदी हव्या त्या मापाला. बॅटरीचा झोत जवळ नेऊन पाहिलं. प्रत्येक नटावर हिरवी रेघ होती. केसासारखी बारीक, कुठे ओघळ नाही, कुठे थरथर नाही.

अकरा वाजता कॅप्टन चहाचा थर्मास घेऊन आले.

“परवा इकडे कोणी आलं होतं का?” मी विचारलं.

“विजेचा मीटर बघायला एकजण आला होता. बाहेरूनच गेला. का?”

“सहज.”

“सहज तुम्ही काही विचारत नाही, कानसेन.” ते गाडीत वाकले. “अरे, रेघेचा रंग बदललात वाटतं? पांढरा बरा होता.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. माणूस खोटं बोलताना जरा जास्तच सरळ बघतो. कॅप्टन तर आता चहा ओतताना कपातच बघत होते. तरी माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. यांनी दुसरा मिस्त्री ठेवलाय. तोंडावर सांगायची लाज वाटते, म्हणून माझ्यामागून बोलावतात. काही चोरीला गेलं असतं तर मी आरडाओरडा केला असता. इथे कोणीतरी माझं काम माझ्याहून चांगलं करून जात होतं. त्याची तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

आणि हिरवा रंग वापरणारा मिस्त्री मला एकच माहीत होता. माझा धाकटा भाऊ.

आम्ही दोघांनी एकाच गॅरेजमध्ये उमेदवारी केली, पुढे गॅरेजही एकत्रच काढलं. कोणी कुठला नट आवळला ते कळावं म्हणून मी पांढरा घेतला, त्याने हिरवा. सहा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकासमोर तो म्हणाला, “या ब्रेकवर रेघ नाहीये, दादाने तपासलेला दिसत नाही.” खरंच तपासला नव्हता. पण चारचौघांत बोलला, ते मला झोंबलं. मी नाही नाही ते बोललो. तो आपली हत्यारं घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

पुढच्या आठवड्यात कॅप्टन मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले. तिथून काही दिवस बहिणीकडे राहणार होते. किल्ल्या माझ्याकडे दिल्या. मी सोमवारी काम आटोपलं, दाराच्या आत फरशीभर टाल्कम पावडर भुरभुरली आणि बाहेर नवंकोरं कुलूप घातलं. त्याच्या दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात.

गुरुवारी दार उघडलं तर पावडर जशीच्या तशी. एक मुंगीसुद्धा चाललेली नव्हती.

पाचही गाड्यांच्या चाकांच्या नटांवर हिरव्या रेघा होत्या.

मी एकेक चाक बघत फिरलो. डोकं हिशेबी ठेवलं. कुठेतरी चूक सापडेल असं वाटत होतं, आणि खरं सांगतो, सापडावी अशी इच्छाही होती. सापडली. लांब नाकाच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाला चार नट. तिघांवर रेघ. चौथा कोरा.

“चुकला लेकाचा,” मी मोठ्याने म्हणालो, आणि त्या नटाला पाना लावला.

पाना ‘टक्’ करायच्या आधीच काहीतरी मऊ झालं आणि नट बोल्टाच्या तुकड्यासकट हातात आला. मी तो उजेडात धरला. तुटलेला भाग बराचसा काळा आणि गंजलेला होता. कडेला नखाएवढीच जागा चकाकत होती. म्हणजे आत तडा गेल्याला कित्येक वर्षं झाली होती, आणि बाहेरून काही दिसायचं कारण नव्हतं.

त्याच दुपारी मी भावाच्या गॅरेजवर गेलो. तो एका गाडीत डोकं घालून उभा होता. मला पाहून त्याने हात फडक्याला पुसले, सावकाश. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. माझ्यापुढे त्याचं नाव काढायची घरात कोणाची छाती होत नसे.

“दादा,” तो म्हणाला. “बस ना. चहा?”

“चहा राहू दे. कॅप्टनच्या शेडमध्ये तू कसा शिरतोस तेवढं सांग.”

“कोण कॅप्टन?”

मी सांगितलं. आवाज चढवूनच सांगितलं. हिरव्या रेघांपर्यंत आलो तसा तो एका टायरवर बसला.

“मी हिरवा रंग सोडला त्याला दोन वर्षं झाली,” तो म्हणाला.

“का?”

“मी न लावता लागलेला असायचा. आधी वाटलं, मीच विसरतोय.” त्याने तो हात वर केला. “माझ्या लिफ्टच्या चारही खांबांचे बोल्ट एका सकाळी रंगवलेले. एकच सोडून. मी हसलो रे. म्हटलं, रंगवणाऱ्याचा रंग संपला.”

“मग?”

“मग काय. तोच तुटला.” त्याने हात खिशात घातला.

पलीकडे कुठेतरी पत्र्यावर हातोडी पडत होती.

“कोणाला सांगितलं का नाहीस?”

“कोणाला सांगणार? हे समजणारा एकच माणूस होता, तो बोलत नव्हता.” मग त्याने विचारलं, “त्या पांढऱ्या गाडीचं इंजिन उघडलंस?”

“कशाला? कारखान्यातून निघाल्यापासून ते कोणी उघडलेलं नाही. आवाज सुरेख आहे.”

“बाहेरून तो बोल्टही सुरेखच होता, दादा.”

शनिवारी तो शेडवर आला. सहा वर्षांनी आम्ही एका गाडीखाली शेजारी शेजारी आडवे झालो. सुरुवातीला बोलणं नीट जमेना. पण मी हात पुढे केला की न मागता बरोबर तोच पाना हातात येत होता, आणि मला काय वाटत होतं ते मी सांगणार नाही. इंजिनखालचं तेलाचं चेंबर काढायला दीड तास लागला. मधलं पॅकिंग कारखान्यातलंच होतं. पन्नास वर्षांत ते धातूशी एकजीव झालं होतं. पात्याने खरवडून काढावं लागलं. तिथून आत कोणी गेलेलं नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन.

चेंबर खाली आलं.

भावाने बॅटरी वर धरली. सहा पिस्टनचे सहा कनेक्टिंग रॉड. प्रत्येकाला दोन, असे बारा बोल्ट. सगळे तेलाने निथळत होते.

पहिल्यावर रेघ होती.

तेलात रंग धरत नाही. इथे धरला होता. आम्ही मोजत गेलो. तो पुटपुटत होता, मी मनातल्या मनात.

अकरा.

पाचव्या रॉडचा मागचा बोल्ट कोरा होता.

मी तो सोडवला. मानेशी चिरेसारखा तडा होता. रस्त्यावर वेगात असताना हा सुटला असता, तर रॉड इंजिन फोडून बाहेर आला असता.

“दादा, हात नको लावूस,” भाऊ म्हणाला. पण मी शेजारच्या बोल्टवरच्या रेघेला बोट लावलंच होतं.

बोट हिरवं झालं.

रंग ओला होता.

नवे बोल्ट यायला तीन आठवडे लागले. कॅप्टनना एवढंच सांगितलं की आत तडा होता, वेळेवर सापडला. त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले. त्यांच्यावर संशय घेतला होता, हे मला तेव्हा सांगवलं नाही. भाऊ रोज येत होता. आम्ही चाकाचा तुटका बोल्ट बदलला, रॉडचे बाराही बोल्ट नवे घातले, सगळ्यांवर मी पांढरी रेघ ओढली. चेंबर बंद करण्याआधी दोनदा पाहिलं. त्या तीन आठवड्यांत एकही नवी हिरवी रेघ दिसली नाही. भाऊ म्हणाला, “झालं बहुतेक त्याचं काम.” मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

काल सकाळी गाडी बाहेर काढली. ऊन स्वच्छ होतं. कॅप्टन चालवायला बसले, शेजारी मी. शहराबाहेरच्या सरळ रस्त्यावर त्यांनी तिला मोकळं सोडलं आणि सहा सिलिंडरांचा आवाज एका सुरात असा चढत गेला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कॅप्टन पोरासारखे हसत होते. परत येताना त्यांनी गिअर बदलला, शर्टाची बाही वर सरकली आणि त्यांच्या मनगटावर मला हिरवी रेघ दिसली. केसासारखी बारीक.

“हे काय लागलं तुमच्या हाताला?”

“शेडमधला तुमचाच रंग, आणखी काय,” ते म्हणाले. “सकाळपासून घासतोय. जात नाही.”

शेडवर भाऊ वाट बघत होता. तेल गळतंय का ते बघायला तो वाकला, तेव्हा त्याच्या कानामागे तशीच रेघ होती. मी अंगठा ओला करून ती पुसायला लागलो.

“काय रे दादा, लहान आहे का मी आता?” तो हसत म्हणाला.

रेघ निघाली नाही. इतक्या वर्षांनी तो माझ्याकडे बघून हसला होता, म्हणून मीही हसलो.

घरी आलो तेव्हा बायको खिडकीशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. केस वर बांधलेले. मानेवर, केस सुरू होतात तिथे, हिरवी रेघ होती.

मी दार लावून घेतलं आणि आरशासमोर उभा राहिलो. मनगटं पाहिली, कानांमागे पाहिलं, तळवे, घोटे, बोटांच्या बेचक्या. मग सदरा काढून बाहेर आलो आणि खिडकीतल्या उन्हात बायकोकडे पाठ करून बसलो.

“जरा नीट बघ गं. कुठे रंग लागलाय का?”

तिने चष्मा लावला. मान पाहिली, खांदे पाहिले, मानेवरचे केस बोटांनी बाजूला करून पाहिले. घाई केली नाही.

“काही नाही हो,” ती म्हणाली. “अगदी स्वच्छ आहे.”