शिफ्ट बदलायची दहा मिनिटं

लॉकरच्या खोलीत आम्ही एकमेकांवर धडकलो आणि माझ्या कपातला चहा थेट त्याच्या शर्टावर!

"अय्या... सॉरी हं!"

"राहू दे. नवीन दिसतेस. संघटनेत येणार?"

मला हसूच फुटलं. अंगावर गरम चहा, आणि या माणसाला सभासद हवाय!

मी बिलिंग काउंटरवर, तो गोदामात. आमच्या दुकानात कुणी चार महिने टिकायचं नाही आणि हा सहा वर्षं ठाण मांडून, म्हणून सगळे त्याला चिकटराव म्हणत. सकाळची शिफ्ट सुटली की दुपारची लागायच्या आत दहा मिनिटं, तेवढीच सगळ्यांची गाठ पडायची. त्यात तो नव्या माणसांना पकडून अर्ज भरून घ्यायचा. निम्म्याहून जास्त माणसं संघटनेत असली, तरच मालक बोलणी करायचे. पण दर महिन्याला जुनी माणसं सोडून जायची, की याचे पुन्हा पहिले पाढे!

"कंटाळा नाही येत?"

"येतो ना. पण तुला बसायला स्टूल आहे ना काउंटरवर? ते मिळवायला दोन वर्षं लागली. मागणारी माणसं... एकसुद्धा इथे नाही आता."

मी रोज त्या स्टुलावर बसत होते! ज्यांचे चेहरेही मला ठाऊक नव्हते, ती माणसं माझ्यासाठी भांडून गेली होती. आणि हा एकटा ते सगळं जपून होता. मी बघतच राहिले त्याच्याकडे. तेव्हापासून त्या दहा मिनिटांसाठी मी वेणी नीट घालायला लागले.

मग त्याची बदली आली. शहराच्या पार दुसऱ्या टोकाची शाखा, सोमवारपासून. तो गेला की संघटना मोडेल, हाच मालकांचा हिशोब.

तो लॉकर रिकामं करत होता. माझ्याही पर्समध्ये दुसऱ्या नोकरीचं पत्र होतं, त्याला ते माहीत होतं.

"तू जा," तो म्हणाला. "चांगली नोकरी आहे."

मी त्याच्या हातातला कोऱ्या अर्जांचा गठ्ठा काढून घेतला.

"अगं... तुला जायचंय ना?"

"स्टूल सोडवत नाही मला."

तो हळूच म्हणाला, "आणि मला... तुला सोडून जाववत नाही."

"मग रविवारी भेट. रविवारी तर तुला सुट्टीच असते ना?"

तेवढ्यात दारात एक नवी मुलगी येऊन उभी राहिली, बावरलेली. माझे डोळे भरून आले होते, ते पुसून मी पुढे झाले.

"नवीन दिसतेस. संघटनेत येणार?"