गोजरबाईच्या ताटातली भाकर

"डॉक्टरसाहेब, एक भाकर पाहाची हाय," जमादार पुंजाजी म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्राची पुडी टेबलावर उलगडली.

ज्वारीची अर्धी भाकर होती. एका कडेला दातांचा ठसा, त्यावर वाळलेलं रक्त.

डोणगावात दातांचा दवाखाना काढून सहदेव इंगळ्यांना जेमतेम वर्ष झालं होतं. महाराष्ट्र राज्य होऊन दोन. भाकर घेऊन पोलीस येतील, असं त्यांना वाटलं नव्हतं.

"कुठली?"

"गोजरबाई सुईणीच्या घरची. काल दुपारी तीन वाजता तिच्या नातीले, पुष्पाबाईले, ती मेलेली सापडली. तोंडावर गोधडी दाबली कोणीतरी. चुलीपाशी दोन ताटं होती."

 सहदेवांना जगात आणलं होतं ते गोजरबाईनं. त्यांच्या वस्तीत पाऊल टाकायला दुसरी सुईण तयार नव्हती तेव्हा ती चिखल तुडवत आली होती. आता रडू यायला हवं होतं, पण आतून काहीच हललं नाही. त्यांनी भिंग उचललं.

"ही भाकर तिनं खाल्लेली नाही. तिच्या तोंडात एकही दात नव्हता. कवळी करून देतो म्हटलं, तर नको म्हणाली. ताकात कुस्करून खायची."

"मंग पुष्पाबाईनं खाल्ली. तिलेच बसवून ठेवलंय चौकीवर. घरात जातानी लोकायनं तिलेच पाह्यलं. अकरा वाजताही गेली होती. म्हणते, तवा आजी जितीजागती होती."

"तिचं तोंड पाहिलं मी, महिन्याभरापूर्वी. हिरड्या धडधाकट आहेत, रक्त यायचं कारण नाही. आज पुन्हा पाहतो. आणखी कोणावर संशय?"

पुंजाजींनी टोपी काढली. "मेहकरचा रंगराव. त्याची बायको रुख्मिणी विहिरीत पडून मेली. गोजरबाई म्हणे, त्यानं ढकलली, म्या पाह्यलं. सोमवारी कोर्टात साक्ष होती तिची. पण तो तर काल तुमच्याच खुर्चीत होता."

होता. सकाळी दहाला खालची डावी दाढ काढली होती. जबड्यात सुई देऊन बधिर केलं, कापूस दाबून धरायला लावला आणि सांगितलं, तीन तास काही खाऊ नका.

"साडेदहाला गेला तो इथून."

"म्हणजे अकराची मोटर धरली त्यानं. तो तसंच सांगते. बाजाराच्या गर्दीत कंडक्टरले काय याद राहीन?"

तेवढ्यात बाहेर कोणीतरी खाकरलं. दारात रंगरावच उभा होता, रुमालानं तोंड झाकून. जमादाराला पाहून क्षणभर थबकला, मग खुर्चीत येऊन बसला.

"तुमची सुई चुकली, डॉक्टर. ओठ पाहा कसा सुजला."

सहदेवांनी ओठ उलटला. आतून, डाव्या बाजूला, मांस चघळल्यासारखं फाटलं होतं.

"काल घरी जाऊन काय केलं?"

"बारा वाजता पोचलो अन् निजलो."

"घरी कोण होतं?"

"कोणीच नाही."

"जेवलात कधी?"

"संध्याकाळी दूध पेलो. तुम्हीच नाही म्हटलं ना?"

"तोंड शुद्धीवर कधी आलं?"

"दोनेक वाजता."

"नक्की?"

"हाव. मंग दुखाले लागलं."

सहदेवांनी हात धुतले. पुंजाजी दारापाशी जाऊन उभे राहिले.

"सुई चुकली नाही," सहदेव म्हणाले. "खालच्या जबड्यात सुई दिली की अर्धा ओठ बधिर होतो. त्या वेळात माणूस जेवला, तर घासाबरोबर स्वतःचा ओठ चावतो आणि त्याला कळत नाही. हा ओठ दुधानं फाटलेला नाही. दोननंतर चावला असता, तर पहिल्याच चाव्याला तुम्ही ओरडला असता. म्हणजे तुम्ही दोनच्या आत जेवलात. तेव्हा तुम्ही घरी निजलेले नव्हतात, आणि ज्याच्यापाशी जेवलात, त्याचं नाव लपवता आहात. ही भाकर पाहा. दात नसलेल्या बाईच्या घरातली. हे रक्त तुमच्या दाढेचं आणि ओठाचं आहे. खाली पाहून खाल्ली असती, तर तुम्हालाही दिसलं असतं."

रंगराव भाकरीकडे बघत राहिला. 

"साक्ष देऊ नको, हे सांगाले गेलो होतो," तो शेवटी म्हणाला. "बाई म्हणे, उपाशी दिसतोस, आधी जेव. जेवलो. मंग म्हणे, रुख्मिणीले तू ढकललं ते सोमवारी सांगीनच म्या. ढकललं होतंच, डॉक्टर. काय बोलाव? गोधडी उचलली."

पुंजाजींनी बेड्या काढल्या. सहदेव म्हणाले, "थांबा," आणि जखम औषधानं पुसून दिली. तो पेशंट होता.

मग ते चौकीवर गेले. पुष्पाबाई भिंतीला टेकून बसली होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं, जेवणाचंही.

"तो कशाले आला, हे आजीले ठाऊक होतं?"

"हो."

"तरी वाढलं?"

"हो."

पुष्पाबाई उठली. पदर सारखा केला.

"चला. आजीले न्याचं हाय. वस्तीतल्या लोकायलेही सांगा. तिनं ज्यायले ज्यायले जगात आणलं, ते सारे खांद्याले येऊ द्या."

सहदेव सांगायला निघाले. दवाखान्यावरून जाताना त्यांनी दाराला कुलूप घातलं.