तिचा कान मी टोचलाच नव्हता

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण यात माझ्या पदरचा एक शब्दही नाही.

१९६८चा मे महिना. मंगळवार. लकडगंजातल्या एका छोट्या दवाखान्यात मी रक्त तपासायचो.

ऑपरेशनच्या आधी रक्त किती वेळात थांबतं, ते बघावं लागे. कान टोचायचा आणि दर अर्ध्या मिनिटाला टिपकागद लावायचा. ठिपके लहान होत होत कागद कोरा निघाला, की थांबलं.

बहुतेकांचं अडीच-तीन मिनिटांत थांबायचं. म्हणून गर्दी असली, की मी न टोचताच ‘अडीच मिनिटं’ लिहून मोकळा व्हायचो.

त्या दिवशी गर्दी होती.

ढिल्या पायाच्या बाकावर सावनेरची प्रेमिला बसली होती. एकोणीस वर्षांची. दुसऱ्या दिवशी टॉन्सिलचं ऑपरेशन.

"भाऊ, झालं का माह्यं?"

"झालं वं. जाय."

"पन तुमी टोचलं कुठं? मांगं दात काढला तं दोन दिवस रक्त थांबलं नव्हतं. म्हनून इचारून राहिली."

"काहून भेऊन राहिली एवढी? सगळ्यायचं थांबते."

माझ्या सहीचा कागद घेऊन ती गेली.

बुधवारी ऑपरेशन झालं. रक्त थांबलं नाही. गुरुवारी सकाळी प्रेमिला वारली.

कळलं तेव्हा मी चहा पीत होतो. मी तो पूर्ण प्यालो. मला काहीच वाटलं नाही.

मला कोणी काही विचारलंही नाही.

पुढच्या मंगळवारी दुपारी दीड वाजता खोलीत मी एकटाच होतो. वीज गेलेली. पंखा बंद.

मागे बाक... करकरला.

वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

टेबलावर कोरा टिपकागद होता. त्यावर... एक ठिपका. लाल. ओला.

अर्धं मिनिट गेलं.

शेजारी दुसरा... तेवढाच.

मग तिसरा. चौथा.

लहान होईचनात.

कागद भरला, मी दुसरा ठेवला. तोही भरला. उठावं असं मनातही आलं नाही.

साडेपाचला शिपाई रामाजी कुलूप लावायला आला आणि दारातच थबकला.

"अरे बापरे! एवढं कोनाचं रक्त हाय गा?"

"सावनेरच्या पोरीचं," मी म्हणालो. "थांबलं नाही अजून."

रामाजी दुसऱ्या दिवसापासून कामावर आला नाही.

आता मी रिटायर झालोय. वाडीला दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहतो. दर मंगळवारी जेवणं झाली, की माझी बायको वच्छला टेबलावर टिपकागदांचा गठ्ठा ठेवते आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेते. तिनंही कधी काही विचारलं नाही.

गेल्या मंगळवारी मात्र... अगदी कानाजवळ आवाज आला.

"भाऊ, झालं का माह्यं?"

‘झालं’ म्हटलं असतं, तर ती गेलीही असती. पण एकदा म्हणून बसलोय ना मी ते!

"नाही झालं, बाई. बस."

मागे बाक करकरला.

आमच्या घरात बाक नाही.